लढाईचं कलम

23 सप्टेंबर 1803, शुक्रवार. दुपार कलू लागलीय आणि तुम्ही केळणेच्या काठी बाभळीच्या आडोशाला दबून बसला आहात. नदीच्या एका अंगाला पिंपळगाव, दुसऱ्या अंगाला वरूड. थोडं उत्तरेकडे गेलं की जुई नदी लागते आणि जुईच्या काठी असई, मातीच्या भिंतींचं गाव. आजच्या हिशेबानं तालुका भोकरदन, जिल्हा जालना. पण इथं अजून जिल्ह्याचा पत्ता नाही. मुलूख शिंद्यांचा आहे, निदान दिवस मावळेपर्यंत तरी.

"कामून उभा राहू लागला रे बापू? बस खाली," शेजारचा म्हातारा तुमची बाही ओढतो. "टोपीकराच्या नजरंला पडशील."

टोपीकर समोरच आहे. चौतिशीचा, नाकेला, घोड्यावर ताठ बसलेला. आर्थर वेलस्ली. परवाच बदनापुरात त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सनची भेट झाली. दोघांनी दोन वाटांनी यायचं आणि 24 तारखेला मिळून हल्ला करायचा, असं ठरलं होतं. आज सकाळी नौलनीच्या मुक्कामी त्याला कळलं की शिंदे-भोसल्यांची फौज हाकेच्या अंतरावर पडली आहे. स्टीव्हन्सनची वाट न बघता तो एकटाच निघून आलाय. त्याच्याजवळ सगळे मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं. पलीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले. त्यांच्या नुसत्या कवायती पलटणीच दहा हजारांच्या वर, घोडदळ त्याच्या कितीतरी पट, आणि तोफा शंभराच्या घरात.

अडचण नदीची आहे. वाटाडे शपथेवर सांगताहेत की पुढं उतार नाही. टोपीकर दुर्बीण लावतो, दोन्ही काठांवरची ही दोन गावं न्याहाळतो आणि फौजेला तिकडंच वळवतो. म्हातारा गालातल्या गालात हसतो.

"दोन गावं आमनेसामने अन् मधी उतार नाही, असं कुठं असतंय का? सोयरिकी कशा होतील मंग?"

हाच तर्क त्या परक्या माणसानं दुर्बिणीतून केला. पुढं म्हातारपणी, वॉटर्लूची लढाई जिंकून झाल्यावरही, आयुष्यातलं सर्वांत चांगलं युद्धकाम कोणतं असं कुणी विचारलं, तेव्हा त्यानं एकच नाव घेतलं: असई.

पाण्यात पहिली रांग उतरते न उतरते तोच पलीकडून तोफा बोलू लागतात. जनरलच्या मागंच चाललेल्या शिलेदाराचं डोकं गोळ्यानं उडतं. धड क्षणभर खोगिरावर तसंच राहतं, घोडा बिथरून फौजेत घुसतो. तुम्ही डोळे मिटता. म्हातारा मिटत नाही. होळकरांच्या धावण्या, पेंढारी, दुष्काळाचं साल, सगळं त्याचं बघून झालंय.

शिंद्यांची कवायती फौज पोलमान नावाच्या हॅनोव्हरकडच्या जर्मनाच्या हाताखाली आहे. टोपीकर बगलेवर येतोय हे दिसताच पोलमान सगळी ओळ तोफांसकट वळवतो. अशी सफाई एतद्देशीय फौजेत असेल, हे गोऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या उजव्या बाजूची तुकडी चुकून थेट असई गावाकडं सरकते, तिच्यामागं चौऱ्याहत्तरावी हायलँडर पलटण जाते, आणि गावाच्या भिंतीआडच्या तोफा त्या पलटणीची दाणादाण उडवतात. मधल्या फळीत मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज गोरे पुढं गेल्यावर उठतात आणि त्याच तोफा फिरवून त्यांच्या पाठीत डागतात. जनरलचा एक घोडा ठार होतो, दुसऱ्याला भाला लागतो.

संध्याकाळी तोफा थंडावतात. ईस्ट इंडिया कंपनीकडचे 428 ठार, 1138 जखमी, 18 बेपत्ता. हा हिशेब पलटणवार लिहून ठेवलेला आहे. शिंदे-भोसल्यांकडचा आकडा अंदाजाचा, हजारांत. 98 तोफा टोपीकराच्या ताब्यात गेल्या, त्या मात्र नीट मोजून. आणि तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं शेत, नदीकाठची झोपडी, असईतली माणसं? त्यांच्यासाठी कुठल्याच वहीत रकाना नाही.

रात्री जनरल मेलेल्या-जखमींच्या मधोमध जमिनीवर बसलाय, डोकं गुडघ्यात खुपसून. त्याला तसंच बसू द्या. तुम्हाला मी आता एका कागदाच्या मागावर नेणार आहे: आजच्या या दुपारबद्दल कुणी कुणाला जाब विचारला का, आणि विचारला असेल तर कुठल्या कलमाखाली?

वाटेत जालन्याला पायही टेकवायचा नाही. तिथला किल्ला स्टीव्हन्सननं 2 सप्टेंबरलाच घेतलाय. 30 डिसेंबरला सुर्जी अंजनगावच्या तहात अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख जातो आणि त्यात जालनापूरचा किल्ला-परगणा नावानिशी लिहिलेला आहे. पुढच्या वर्षी कंपनी तो निजामाच्या पदरात टाकते. तुमच्या खापरपणजोबाचा धनी बदलला, त्याला कुणी विचारलं नाही. हा बदल 145 वर्षं टिकणार आहे.

लढाईचा हुकूम कुणाचा? कलकत्त्याच्या लाटसाहेबाचा. गव्हर्नर जनरल मार्क्विस रिचर्ड वेलस्ली, म्हणजे आर्थरचा थोरला भाऊ. जूनमध्येच त्यानं धाकट्याला दख्खनेतल्या लढाईचे आणि तहाचे सगळे अधिकार देऊन टाकले होते, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धाकट्यानं युद्ध पुकारलं. घरातल्या घरात कारभार. आता गंमत अशी की विलायतेच्या पार्लमेंटनं 1784 साली कायदाच केला होता: हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणं या राष्ट्राच्या इच्छेला, अब्रूला आणि धोरणाला धरून नाही, कंपनीच्या डायरेक्टरांच्या हुकुमाशिवाय गव्हर्नर जनरलनं, कुणी अंगावर आल्याखेरीज, युद्ध पुकारू नये. 1793 साली तेच पुन्हा लिहिलं. कलकत्त्याहून पत्र जायला पाच-सहा महिने, उत्तर यायला तेवढेच. लाटसाहेबानं पत्र जरूर पाठवलं. ते पोचलं तेव्हा असईच्या शेतात हाडं पडली होती.

म्हणजे कलम तयार होतं, फक्त कुणीतरी बोट ठेवायला हवं होतं.

एप्रिल 1805. लंडन, वेस्टमिन्स्टर. सेंट स्टीफन्स नावाच्या जुन्या चॅपेलात हाऊस ऑफ कॉमन्स भरतं. जागा एवढी अपुरी की आयर्लंडचे सभासद आले तेव्हा भिंती तासून बाकं बसवावी लागली. मेणबत्त्यांचा धूर, डोक्यावर हॅट ठेवून बसलेले सभासद. कुणी बाकावर आडवा झालाय, कुणी भाषण चालू असताना संत्रं सोलतोय. गॅलरीत तुम्हाला कोपऱ्यात जागा मिळते.

बोलायला उभा राहिलाय फिलिप फ्रान्सिस. हा माणूस कलकत्त्याला कौन्सिलात होता. 1780 साली तिथं तेव्हाचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्याशी पिस्तुलाचं द्वंद्व खेळून अंगात गोळी घेऊन परत आला आणि उरलेलं आयुष्य त्यानं त्या गोळीचं व्याज वसूल करण्यात घालवलं. आज तो मराठ्यांवरच्या युद्धाबद्दल बोलतोय. 1784 चा कायदा वाचून दाखवतोय. तुम्ही सरसावून बसता. हेच तर ऐकायला आलो होतो! पण बाकं रिकामी होत जातात. जे उरलेत त्यांच्यातला एक विचार असा की फ्रान्सिस बोलतोय म्हणजे जुनं वैर बोलतंय. आणि दुसरा असा की याच सभागृहानं गेल्या मे महिन्यात या लढायांबद्दल वेलस्ली बंधूंचे आणि जनरल लेकचे आभार मानलेत, आता कुठल्या तोंडानं दोष द्यायचा? ठराव पडतो.

गॅलरी सोडू नका. त्याच एप्रिलच्या 8 तारखेची रात्र बघण्यासारखी आहे.

आज सभागृह तुडुंब. आरोपी हेन्री डंडस, आता लॉर्ड मेलव्हिल. पंतप्रधान पिटचा जिवलग, आणि बरीच वर्षं हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष. पण हिंदुस्थानचा विषय आज नाहीच. आरोप असा की नौदलाचा खजिनदार असताना त्याच्या हाताखालच्या ट्रॉटर नावाच्या कारभाऱ्यानं सरकारी पैसा खासगी बँकेत फिरवला आणि यानं ते चालू दिलं. विरोधी व्हिग पक्षाचे व्हिटब्रेड वह्या आणि आकडे समोर ठेवतात. सरकारपक्ष म्हणतो, सरकारचं नुकसान एका पेनीचंही झालेलं नाही. विल्बरफोर्स उठतो. पिटचा मित्र, पण सदसद्विवेकाचा माणूस म्हणून सगळे त्याला ओळखतात. तो मित्राच्या विरोधात बोलतो. मतमोजणी होते: 216 विरुद्ध 216.

आता मत सभापतींचं. ॲबटचा चेहरा कागदासारखा पांढरा पडलाय. कितीतरी मिनिटं ते काहीच बोलत नाहीत. मग मत मेलव्हिलच्या विरोधात टाकतात. विरोधी बाकांवर शिकारीच्या आरोळ्या उठतात. पिट हॅट डोळ्यांवर ओढून घेतो. गालांवरून ओघळणारं पाणी लोकांना दिसू नये म्हणून तरुण सभासद त्याच्याभोवती कडं करून त्याला बाहेर नेतात.

पुढं मेलव्हिलवर रीतसर महाभियोग चालला आणि जून 1806 मध्ये लॉर्डांनी त्याला निर्दोष सोडलं. ब्रिटनमधला तो शेवटचा महाभियोग. पण तुम्ही ती एप्रिलची रात्र लक्षात ठेवा. त्याच महिन्यात याच छपराखाली न विचारता केलेलं युद्ध हे पुरेसं कारण ठरलं नाही आणि बँकेतल्या नोंदी ठरल्या. माझं मत विचाराल तर यात ढोंगापेक्षा आळस जास्त होता. वही हातात धरता येते, पान उलटून बोट ठेवता येतं. केळणेचा उतार लंडनमध्ये कोण कुणाला दाखवणार?

एक वर्ष पुढं सरकू या. 1806. पिट जानेवारीतच गेला. मरणाच्या काही दिवस आधी हिंदुस्थानातून परतलेला थोरला वेलस्ली त्याला भेटून आला होता. नवं सरकार ग्रेनव्हिल आणि फॉक्स यांचं. ग्रेनव्हिल लाटसाहेबाचा शाळेपासूनचा दोस्त. फॉक्स मात्र हेस्टिंग्जच्या महाभियोगातला बिनीचा शिलेदार, आता परराष्ट्रमंत्री.

उभा राहतो जेम्स पॉल. स्कॉटलंडातल्या पर्थच्या शिंप्याचा मुलगा, लखनौला व्यापार करून गबर झालेला, नुकताच पार्लमेंटात आलेला. त्याच्या हातात लाटसाहेबाविरुद्धच्या आरोपांचा गठ्ठा आहे. तुमची उत्सुकता पुन्हा जागी होते. वाचू या: कलकत्त्यातली उधळपट्टी. अवधच्या नवाबाला धाक घालून 1801 साली त्याचं अर्धंअधिक राज्य लिहून घेणं. फर्रुखाबाद. सुरत. पान उलटा, पुन्हा उलटा. असईचं कलम कुठंच नाही.

असेल कसं? पॉलचं दुकान लखनौला होतं, त्याची माहिती तिकडची, त्याचा राग तिकडचा. वेलस्लीचे लोक तर उघड सांगतात की नवाबाशी याचं फाटलं होतं तेव्हा लाटसाहेबानंच मध्यस्थी करून याला लखनौत परत घेववलं, यानं तेव्हा आभारही मानले, आणि आता हा उपकारावर उलटतोय. यात तथ्य होतं. पण अवधचा मुलूख धाकानं घेतला, यातही तथ्य होतं. आरोप करणारा माणूस कसा आहे आणि आरोप खरा आहे का, या दोन गोष्टी त्या सभागृहात कुणालाच वेगळ्या ठेवता आल्या नाहीत. आपल्याकडं तरी कुठं येतात म्हणा.

समोरच्या बाकावर कोण बसलंय ते ओळखलंत? तेच नाक, तीच ताठ बैठक. आर्थर वेलस्ली, आता सर आर्थर. एप्रिलमध्येच राय नावाच्या गावातून निवडून आलाय, आणि थोरल्या भावाचा बचाव हे त्यामागचं मोठं कारण. त्याच महिन्यात त्यानं लग्नही उरकून घेतलं. तो उठतो, खर्चाचे आकडे सांगतो, आरोप केले आहेत तर लवकर निकाली काढा म्हणतो, लोंबकळत ठेवू नका म्हणतो. आवाज सपाट, वाक्यं तुटक. पोलमानच्या तोफांसमोर जसा होता तसाच. अडीच-तीन वर्षांपूर्वी याला तुम्ही गुडघ्यात डोकं घालून बसलेला पाहिलंय. गॅलरीतल्या दुसऱ्या कुणीच पाहिलेलं नाही. आणि कायदा असा की गॅलरीतल्या माणसानं बोलायचं नसतं.

खरा चमत्कार मात्र पुढच्या बाकांवर होतो. विरोधात असताना ज्यांनी पॉलची पाठ थोपटली, त्या व्हिगांची आता सत्ता आहे आणि सत्तेत ग्रेनव्हिलचे दोस्त भागीदार आहेत. फॉक्स पॉलला साथ देत नाही. वीस वर्षांपूर्वी हेस्टिंग्जविरुद्ध हाच फॉक्स अवधच्या बेगमांसाठी आणि बनारसच्या राजासाठी गर्जत होता. अवध तेच, कंपनी तीच, जुलूमही साधारण त्याच जातीचा. बाक तेवढं बदललं. सप्टेंबरमध्ये फॉक्स वारला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत पॉल वेस्टमिन्स्टरमधून उभा राहिला आणि तीनशेहून कमी मतांनी पडला. कुणाकडून? नाटककार शेरिडनकडून. अवधच्या बेगमांवरच्या भाषणानं ज्याला अमर केलं, त्याच शेरिडनकडून! कुणी नाटकात लिहिलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं.

पुढचं भराभर. 1808 च्या मार्चमध्ये अवधचे ठराव दुसऱ्याच एका सभासदानं मांडले, ते सपशेल पडले. एप्रिलमध्ये कर्ज आणि निराशेनं पिचलेल्या पॉलनं जीव दिला. 1809 अखेर थोरला वेलस्ली इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री झाला.

मग काळाची पानं थोडी उलटी फिरवू या, कारण या सगळ्यांच्या डोक्यावर हेस्टिंग्जचा खटला भुतासारखा बसलेला आहे. जून 1786. हेस्टिंग्जनं रोहिल्यांवर फौज भाड्यानं दिली, हा पहिला आरोप. मतं: बाजूनं 67, विरोधात 119. आरोप पडला. दोन आठवडे व्हायच्या आत बनारसच्या राजाला जबर दंड ठोठावल्याचा आरोप. मतं: बाजूनं 119, विरोधात 79. पास. मधल्या दिवसांत हेस्टिंग्ज बदलला नव्हता, पिटचं मत बदललं होतं आणि त्याच्यामागची मतं खुर्च्या बदलून बसली. पिट असा का वळला यावर इंग्रज अजून भांडतात. सभासद एडमंड बर्कनं त्या साली मांडलेल्या 22 आरोपांत मराठ्यांशी केलेलं युद्ध आणि तह हा विसावा होता. म्हणजे लढाईचं कलम एकदा कागदावर आलं होतं! लॉर्डांपुढच्या सुनावणीत मात्र वेळ खाल्ला तो बनारस, बेगमा, नजराणे आणि कंत्राटांनी. 1788 च्या फेब्रुवारीत खटला उभा राहिला तेव्हा राणीसाहेबा बघायला आल्या होत्या, शेरिडनच्या भाषणाच्या दिवशी तिकिटाला पन्नास गिनी मोजणारे निघाले. 1795 च्या एप्रिलमध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला तोवर लोकांना कंटाळा येऊन गेला होता.

पण या खटल्याची एक ठिणगी भलतीकडंच जाऊन पडली. 8 सप्टेंबर 1787, फिलाडेल्फिया. बोलणं बाहेर फुटू नये म्हणून खिडक्या बंद. आत घामाघूम झालेले प्रतिनिधी अमेरिकेची राज्यघटना लिहिताहेत. राष्ट्राध्यक्षाला कशासाठी काढता येईल, हा मुद्दा आलाय. मसुद्यात दोनच कारणं: राष्ट्रद्रोह आणि लाच. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन हरकत घेतात. एवढ्यानं भागेल का? तिकडं लंडनमध्ये हेस्टिंग्जवर चाललंय ते राष्ट्रद्रोहात बसत नाही. म्हणून तिसरं कारण जोडा: गैरकारभार. लगेच जेम्स मॅडिसन उठतात. एवढा सैल शब्द घातला तर सिनेटची मर्जी असेतोवर राष्ट्राध्यक्ष, असंच होईल. मेसन शब्द मागं घेतात आणि इंग्लंडच्या जुन्या कज्ज्यांतून घासूनपुसून आलेला दुसरा घालतात, मोठे गुन्हे आणि गैरवर्तन. आठ राज्यं बाजूनं, तीन विरोधात. मंजूर. पुढची सव्वादोनशे वर्षं अमेरिकेतले दोन्ही पक्ष याच शब्दांत काय बसतं आणि काय बसत नाही यावर भांडणार आहेत, आणि त्यांतल्या फार थोड्यांना आठवेल की हे दार उघडताना हिंदुस्थानच्या लाटसाहेबाचं नाव घेतलं गेलं होतं.

तुम्ही जालन्याचे, म्हणून मॅडिसनची भीती तुम्हाला चटकन कळते. गावात सरपंचावर अविश्वास येतो तेव्हा तहसीलदारांकडं दिलेल्या नोटिशीत काय लिहिलेलं असतं? 'सदस्यांना विश्वासात घेत नाहीत, मनमानी कारभार करतात.' मेसनचा गैरकारभार तो हाच. कारण नावापुरतं, खरी गोष्ट डोकी मोजण्याची. म्हणून तर सभेआधी सदस्य सहलीला जातात, फोन बंद होतात आणि मतदानाच्या दिवशी एकाच गाडीतून उतरतात. ग्रामपंचायत कायद्याचं 35 वं कलम हे डोक्यांचं. 39 वं वेगळं: तिथं कर्तव्यात गैरवर्तन किंवा हयगय सिद्ध व्हावी लागते, चौकशी होते, मगच पद जातं. 1958 च्या कायदेकर्त्यांनी दोन्ही दारं ठेवली. मॅडिसननं पहिलं दार चिणून टाकलं आणि तेव्हापासून अमेरिकेत ज्यांना डोकी मोजायची असतात त्यांनाही दुसऱ्याच दारात उभं राहून गुन्ह्याचं नाव घ्यावं लागतं. अलीकडं थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा ठराव ग्रामसभेपुढं गुप्त मतदानाला नेण्याची तरतूद आली. गावानं दिलेलं पद गावानंच काढावं, हा विचार मला पटतो. वॉशिंग्टनला तो अजून सुचलेला नाही.

28 डिसेंबर 1948, दिल्ली. संविधान सभेपुढं मसुद्याचा 50 वा अनुच्छेद आहे, राष्ट्रपतींवरचा महाभियोग. मसुदा समितीच्या अध्यक्षपदी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राष्ट्रद्रोह, लाच, गैरवर्तन अशी यादी इथं नाही. कारण एकच: संविधानाचा भंग. चौदा दिवसांची नोटीस, एक चतुर्थांश सभासदांच्या सह्या, एका सभागृहानं आरोप ठेवायचा, दुसऱ्यानं तपास करायचा आणि दोन्हीकडं एकूण सभासदसंख्येच्या दोन तृतीयांश मतं. पुढं हाच अनुच्छेद 61 झाला. भंग कशाला म्हणायचं ते संविधान सांगत नाही. आजवर एकाही राष्ट्रपतीवर तो चाललेला नसल्यानं कुणाला सांगावंही लागलेलं नाही.

या सभागृहात तुम्ही आपल्या भागाचा माणूस शोधाल. सापडणार नाही. निजामाची राजवट तीनच महिन्यांपूर्वी, 17 सप्टेंबरला संपलीय. असईच्या लढाईनं जालन्यावर जो धनी बसवला तो आत्ता उठला. हैदराबादेत लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल चौधरी कारभार बघताहेत आणि संविधान सभेत हैदराबाद संस्थानाचा एकही प्रतिनिधी बसलेला नाही. कोणत्या कारणासाठी राष्ट्रपतीला काढावं, यावर जालन्याचं मत नोंदलं गेलेलं नाही.

शेवटचा मुक्काम. वॉशिंग्टन, 14 मे 2025. प्रतिनिधीगृहाच्या गॅलरीत बसा. इथंही बोलायचं नाही.

खाली मिशिगनचे डेमोक्रॅट सभासद श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र केलं आणि 1979 साली अमेरिकेत गेले. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे, तुमच्यापैकी काहींच्या कपाटातही असेल. 28 एप्रिलला त्यांनी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं दाखल केलीत: न्यायात अडथळा आणणं, काँग्रेसनं मंजूर केलेला पैसा अडवणं, व्यापाराच्या अधिकारांचा गैरवापर आणि परदेशांवर दांडगाई, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला, बेकायदा खातं उभारणं, लाचखोरी, जुलमी कारभार. रिपब्लिकन म्हणतात, हे सगळं धोरण आहे, गुन्हा एकही नाही. तेही एकवेळ समजण्यासारखं. पण ठाणेदारांच्याच पक्षात त्याहून जास्त चिडचिड आहे. बहुमत समोरच्यांचं, ठराव पडणार, मग आपल्याच लोकांना मतदानाच्या कोंडीत का घालायचं? त्यांना पक्षातूनच निवडणुकीत आव्हान मिळालंय, त्यासाठीच हा खटाटोप, अशीही कुजबुज आहे. सुरुवातीला ज्यांची नावं ठरावावर सहप्रायोजक म्हणून होती त्यांतल्या काहींनी ती काढून घेतलीत. कलमं खोटी आहेत असं त्यांच्यातलं फारसं कुणी म्हणत नाही. वेळ चुकीची आहे, एवढंच.

पॉलला हे ओळखीचं वाटलं असतं.

आज मत मागण्याचा ठाणेदारांना हक्क आहे. ते मागत नाहीत. अनेक सहकाऱ्यांशी बोललो, आज मतदानाला लावत नाही, एवढं सांगून थांबतात.

तुम्ही मात्र जूनपर्यंत थांबा. 24 जूनला टेक्सासचे अल ग्रीन उभे राहतात, त्याच पक्षाचे. दोनच दिवसांपूर्वी अमेरिकी विमानांनी इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बाँब टाकलेत. ग्रीन यांचा आरोप एकच आहे: काँग्रेसला न विचारता युद्ध केलं. केळणेपासून जे कलम शोधत तुम्ही निघालात, तेच. या वेळी ते एकटं आहे, त्याच्यासोबत अवध नाही, बँकेची वही नाही. ठराव बाजूला ठेवावा, अशी सूचना येते. ती मान्य झाली की मूळ आरोपावर चर्चा होत नाही. 344 विरुद्ध 79 मतांनी ती मान्य होते, आणि त्या 344 मध्ये ग्रीन यांच्याच पक्षाचे 128 जण आहेत. न विचारता युद्ध करणं हे राष्ट्राध्यक्षाला काढायला पुरेसं कारण आहे की नाही, यावर सभागृहात कुणालाही बोलावं लागत नाही.